दाजींची सागवानी पेटी

जगात पूर्ण झालेली अशी एकही वस्तू नाही, असा आमच्या दाजींचा ठाम समज आहे. कारखान्यातून बाहेर पडते ती त्यांच्या लेखी कच्ची वस्तू. उरलेलं काम कारखानदारानं कंटाळून सोडून दिलेलं असतं आणि ते लातूरला, माझ्या आक्काच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली पुरं व्हायचं असतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यात कारकून. अंगानं सडपातळ, चष्म्याची एक काडी मूळची आणि दुसरी स्वतः घडवलेली, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक छोटा पेचकस. घरात नवी खुर्ची आली की ते तिच्यावर बसत नसत, आधी तिला उलटी करत. नवा पंखा टांगण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते पाहून घेत. माझ्या लग्नात मिळालेली भांडीकुंडी सासरी पोचण्याआधी त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि माझ्या सासूबाईंना बरीच वर्षं असं वाटत होतं की स्टीलच्या डब्यांना खालून रबर चिकटवायची लातूरकडे रीतच असावी.

रबरावर त्यांची फार श्रद्धा. सायकलीच्या, स्कूटरच्या, ट्रॅक्टरच्या फुटक्या ट्यूबा ते पंक्चरवाल्याकडून मागून आणत, धुऊन दोरीवर वाळत घालत आणि मग कात्रीनं त्यांच्या टिकल्या, पट्ट्या, वाट्या कापत बसत. घरातल्या प्रत्येक वस्तूच्या पायात त्यांनी असा जोडा घातला होता. पलंग, कपाट, शिलाई मशीन, पाण्याचा माठ. मिक्सर तर घरात नव्हताच, तो लांब वायर ओढून अंगणात पेरूच्या बुंध्याशी ठेवलेला असे आणि आक्काला चटणी वाटायची असली की ती ताट घेऊन झाडाखाली जाई. शेजारच्या बाई पाहुण्यांना सांगत, यांच्या पेरूला चटणी लागते म्हणून. स्कूटरचा कर्कश हॉर्न काढून दाजींनी तिथे एक असा मऊ आवाजाचा हॉर्न बसवला होता की त्यानं गंजगोलाईच्या बाजारातली एक गायसुद्धा हलायची नाही. मग दाजी गाडी हळू करून, मान पुढे काढून स्वतःच म्हणत, "जरा सरका हो." लोक सरकत, कारण स्कूटरवरून इतक्या अदबीनं बोलणारा माणूस त्यांनी पाहिलेला नसे.

परक्याच्या घरीही त्यांना राहवत नसे. चहाला गेले की कपाखालचं टेबल डुगडुगतंय हे त्यांना चहाच्या आधी कळे. उदगीरला आमच्या चुलतभावाचं लग्न होतं. नवरा-नवरी स्टेजवरच्या लाल सोफ्यावर बसली आणि सोफा कुरकुरायला लागला. आहेर द्यायला कुणी आलं की दोघं उठणार, परत बसणार, आणि दर बसण्याला एक कुर्रर्र. दाजी पंगतीत बसले होते. अर्ध्या जेवणातून उठले, हात धुतला आणि कुणाला काही न सांगता सोफ्याखाली शिरले. ते सोफ्याखाली असतानाच मुलीकडचे थोर पाहुणे आले, फोटो काढायची वेळ झाली, आणि आजही त्या अल्बममध्ये नवरा-नवरी, दोन्हीकडचे व्याही आणि मधोमध दाजींचे मोजे घातलेले दोन पाय असा एक फोटो आहे. चुलतभाऊ तो हौसेनं दाखवतो. सोफा मात्र नंतर कुरकुरला नाही, हेही सांगतो.

मी मूळची नांदेडची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि लातूरला एका क्लासमध्ये शिकवायला लागले. तेव्हा लातुरात घरावर मजला चढला की त्यात आधी क्लास निघायचा आणि मग घरमालक राहायला यायचा. धर्माबाद, भोकर, अहमदपूर, कुठून कुठून मुलं गाद्या-उशा घेऊन एसटीतून उतरत आणि गल्लीबोळांत खोल्या शोधत फिरत. मला खोली शोधायची गरज नव्हती, आक्का होती. लग्न होईपर्यंतची माझी वर्षं तिच्याच घरी गेली, आणि दाजींची ही सारी कारागिरी मी रोजच्या रोज जवळून पाहिली. सुरुवातीला मला त्याचं नुसतं हसू यायचं. दिवसभर वर्गात माईकवर ओरडून घरी आले की ते घर मला कापसात ठेवल्यासारखं वाटायचं. दार लावलं तर आवाज नाही, खुर्ची ओढली तर आवाज नाही. एकदा मी न राहवून आक्काला म्हटलं की तुझ्या नवऱ्यानं एखाद्या दिवशी आपल्या दोघींच्या टाचांनाही ट्यूब चिकटवली तर नवल वाटायला नको. आक्का हसली. मग म्हणाली, "ते माझ्यासाठी करतात गं." तेवढंच बोलली आणि भाकरी उलटली.

भूकंप झाला तेव्हा आक्का औशाच्या पुढच्या एका खेड्यात शाळेवर होती. नोकरी नवी, लग्न व्हायचं होतं, गावातच खोली घेऊन राहायची. पहाटे घर पडलं. दगडमातीची भिंत बाहेरच्या बाजूला कलली म्हणून ती वाचली; गावकऱ्यांनी तिला ओढून काढलं. तिच्या पहिलीच्या वर्गातली सगळी मुलं वाचली नाहीत. याविषयी ती आमच्याशी कधी बोलली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. आई-बाबा तिला नांदेडला घेऊन आले होते, पण ती राहिली नाही. राहिलेल्या मुलांना कोण शिकवणार, असं म्हणून परत गेली. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची. मदतकामासाठी निरनिराळ्या खात्यांतली माणसं तिकडे पाठवली होती, त्यांत दाजी होते. त्यांच्याकडे पत्रे वाटायचं काम. वारा सुटला की शाळेचा पत्रा थडथडायचा आणि मुलं एकदम उठून बाहेर धावायची, त्यांच्यामागे त्यांच्या बाई. दाजींनी हे दोनदा पाहिलं. पुढच्या खेपेला ते लातूरहून पिशवीभर ट्यूबचे तुकडे घेऊन आले, शिडी लावून छपरावर चढले आणि प्रत्येक खिळ्याखाली, प्रत्येक जोडाखाली रबर सरकवत गेले. खाली आक्का बाराखडी शिकवत होती. पत्रा गप्प झाला. काम आटोपून खाली उतरल्यावर ते तिच्याशी काही बोललेसुद्धा नाहीत, नुसता नमस्कार करून निघाले. काही महिन्यांनी त्यांच्या घरून मागणी आली. बाबांनी आक्काला विचारलं, मुलगा कोण, तुला माहीत आहे का? आक्का म्हणाली, पत्र्यावर चढले होते ते.

तर घरातलं रबर असं आलं होतं. आक्काला दिवसा-उजेडी कशाची भीती वाटत नसे. साप निघाला तर तीच काठी घेऊन पुढे व्हायची. पण कसलीही घरघर सुरू झाली, खालून आल्यासारखी, की तिचा चेहरा बदलायचा. हातातलं काम खाली ठेवून ती सरळ अंगणात जाऊन उभी राहायची. दाजींनी म्हणून घरातली एकेक घरघर शोधून काढली होती आणि आमचं बरं चाललं होतं. मग शिक्षकांना संगणकाची परीक्षा सक्तीची झाली.

आक्काच्या शाळेतले सगळे शिक्षक नाव घालून आले. लातुरातल्याच एका संगणक केंद्रात जायचं होतं, एका इमारतीच्या तळघरात. पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेले. खाली बसकी, बंद खोली, भिंतीला लागून ओळीनं संगणक, आणि सगळ्यांच्या पंख्यांची मिळून एक जाड घरघर जमिनीतून पायात चढत होती. मला ती ऐकूच आली नसती, पण आक्का माझ्यासोबत होती म्हणून आली. ती अर्ध्या जिन्यात थांबली. मग वळली आणि वर जाऊन रस्त्यावर, भर उन्हात उभी राहिली. घरी आल्यावर शांतपणे म्हणाली की ही परीक्षा आपल्याच्यानं होणार नाही, नोकरी सोडावी लागली तर सोडू. भूकंपानंतरही जिनं शाळा सोडली नव्हती ती हे म्हणत होती. दाजी चष्मा पुसत बसले होते. तो चढवून म्हणाले, "संगणक घरी आणू. आवाज काढून टाकू त्याचा."

त्यांनी संगणकाला तोवर हातही लावलेला नव्हता. आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं पत्र्याची पांढुरकी पेटी पुढे केली. दाजींनी बोटाच्या पेरानं ती टकटक वाजवली, कान लावला, परत वाजवली. माठ घेताना वाजवतात तशी. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, हा तर नुसता डबा हाय. यात काहीबी ठेवलं तर वाजणारच." ते मला पहिल्यापासून मॅडम म्हणत, क्लासमधली मुलं म्हणायला लागायच्या आधीपासून. दुकानदार परोपरीनं समजावत होता की साहेब, सगळं जग हीच पेटी वापरतं. दाजी त्याला म्हणाले की आतलं सामान तेवढं द्या, पेटी मी करतो. दुकानदाराला वाटलं माणूस चेष्टा करून राहिला. आम्ही रिक्षातून घरी आलो ते मांडीवर सुटे भाग घेऊन, बाजारातून भाजी आणावी तसे.

पेटी होईपर्यंत तो संगणक पाटावर मांडलेला होता. खाली चादर, वर पाट, पाटावर मदरबोर्डची हिरवी पट्टी, तिच्या बाजूला पंख्याचा ठोकळा आणि वायरींचा गुंता. जावई जेवायला बसल्यासारखा. त्यावर मांजर बसू नये म्हणून दाजींनी भाजीची टोपली उपडी घातली होती. लाकडाचा प्रश्न त्यांच्या कार्यालयानं सोडवला. तिथल्या भंगाराच्या लिलावात नकाशे काढायचं एक जुनं सागवानी टेबल निघालं होतं. कालव्यांचे नकाशे टोचून टोचून त्याच्या फळीला टाचण्यांची हजारो भोकं पडली होती. दाजींनी ते घरी आणलं, कापलं, रंधा मारला आणि मग सागाचाच भुसा सरसात कालवून काडीनं एकेक भोक बुजवत बसले. सुट्टीचे किती दिवस त्यात गेले कोण जाणे. मी म्हटलं, दाजी, भोकं असू द्या की, हवा खेळेल. ते म्हणाले, हवा खेळायला वेगळी जागा ठेवलीय, इथून नुसता आवाज गळेल.

ती वेगळी जागा म्हणजे डाळमिलची चाळणी. त्यांचे एक मित्र मिलमध्ये मुकादम होते, त्यांच्याकडे डाळी चाळायच्या जुन्या जाळ्या पडून असत. पेटीच्या तोंडाला त्यांतली कुठली जाळी बसवावी यावर दाजींनी मुगाची, तुरीची आणि हरभऱ्याची अशा तिन्ही लावून पाहिल्या. मुगाच्या जाळीतून हवा शिट्टी घालते असं त्यांचं निदान होतं. हरभऱ्याच्या जाळीतून एक झुरळ आरामात आत गेलं आणि बाहेर आलं. तूर पसंत पडली. चालू करायला त्यांनी दाराच्या बेलचं बटण बसवलं होतं, ते त्यांच्याकडे जादा होतं म्हणून. सागवानी पेटी, पुढे पितळी जाळी आणि बटण, असं ते सगळं प्रकरण बैठकीच्या कोनाड्यात ठेवल्यावर उदगीरहून आलेल्या आमच्या आत्यांनी चप्पल काढून, पदर डोक्यावर घेऊन त्याला नमस्कार केला आणि कुलदैवत केव्हा हलवलं म्हणून विचारलं. दाजींनी त्यांना तसं भासू दिलं. मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "नमस्कार केला तर केला. बिघडलं काय?"

आता पेटीला अंगावर काहीतरी चढवायचं होतं. लातूर म्हणजे तेलबियांचं गाव, तेव्हा पहिला मान जवसाच्या तेलाचा. दाजींनी फडक्यानं तेल चोळलं आणि वाळायची वाट पाहत बसले. जवस वाळेना. आम्ही सगळे त्या पेटीजवळून जपून जात होतो आणि तरी प्रत्येकाच्या बाहीला जवसाचा वास. क्लासमध्ये पहिल्या बाकावरच्या मुलीनं मला विचारलं, मॅडम, तुम्ही चटणी आणलीय का डब्यात? पुढे पेटीवर धूळ बसली, मांजराचे केस बसले, आणि एके दिवशी मुंग्यांची रांग तुरीच्या जाळीतून आत जाताना दिसली. दाजींनी सगळं खरवडून काढलं. मग लाखेचं पॉलिश आलं. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून चिंधीच्या बोळ्यानं पातळ पातळ हात मारायचे. एक वाळला की दुसरा. त्या स्पिरिटचा वास अख्ख्या गल्लीत फिरला. पलीकडचे निवृत्त गुरुजी एका संध्याकाळी आले, दाजींच्या खांद्यावर हात ठेवून फार मायेनं म्हणाले की संसारात चढउतार असतातच, पण माणसानं अशा मार्गाला लागू नये. दाजींनी त्यांना पेटी दाखवली. गुरुजींनी ती हुंगली, खात्री करून घेतली आणि स्वतःही दोन हात मारून गेले.

पॉलिश सुरेख उतरलं होतं, पण दाजींचं समाधान पेटी दिसते कशी यावर नव्हतंच. आतला पंखा त्यांनी ट्यूबच्या चार पट्ट्यांवर झोळीसारखा टांगला होता. ज्याच्यात सगळं साठवतात ती चकती आक्काच्या शिलाईच्या डब्यातल्या इलॅस्टिकवर लोंबकळत होती. आवाज निम्म्याहून कमी झाला. तरीही आक्का दारातूनच बघायची, आत येऊन बसायची नाही. मग दाजींनी पेटीला आतून जुनी गोधडी लावली. आवाज खरोखर मेला, आणि थोड्या वेळानं संगणकही गप्प झाला. उकाड्यानं जीव कासावीस होऊन तो आपण होऊन बंद पडत होता. गोधडी काढली. लाकूड तापून पॉलिशला फोड आले होते, म्हणून पुन्हा खरवड, पुन्हा घासकागद, आणि या खेपेला कार्यालयातल्या खिडक्यांना मारून उरलेला हिरवा रंग. हिरव्या रंगात ती पेटी इतकी सरकारी दिसायला लागली की नळाला पाणी येत नाही म्हणून दाजींकडे गाऱ्हाणं घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी, दाजी चहा आणायला आत गेलेले पाहून, आपला अर्ज फ्लॉपी घालायच्या फटीत सरकवला आणि निघून गेले. तो बाहेर काढायला सबंध पेटी उघडावी लागली.

परीक्षेची तारीख जवळ येत होती. आक्का अजून एकदाही त्या संगणकापुढे बसली नव्हती. दाजी आता चिडचिडे झाले होते. त्यांना मी रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसांत मात्र ते पेचकस आपटत, आणि आपटल्याचा आवाज झाला म्हणून स्वतःच वरमत. एका रविवारी दुपारी त्यांनी पेटीची बाजूची फळी काढून ठेवली होती आणि पंख्याच्या पट्ट्या पुन्हा एकदा ताणत होते. संगणक चालूच होता. मी पेपर तपासत बसले होते. आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्यांच्यासमोर ठेवला आणि गेली नाही. उभी राहून उघड्या बाजूनं आत बघत होती. पंखा फिरत होता, त्याच्या मधे चिकटवलेल्या कागदाच्या चिठोऱ्याचं फिरून फिरून वर्तुळ झालं होतं. ती खाली बसली. गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिली.

"हाच आवाज करतो का?" तिनं विचारलं.

दाजी म्हणाले, हाच. थोडा त्या बारक्या पंख्याचा, थोडा चकतीचा, पण मुख्य हाच. म्हणाले की आणखी कमी होईल, अजून एक पट्टी लावून बघतो, तू काळजी करू नको.

"लावू नका," आक्का म्हणाली. "आवाजाचं काही नाही हो. तो कुठून येतो ते मला दिसत नाही, म्हणून भीती वाटते. त्या वेळेसही दिसलं नव्हतं काही. नुसतं खालून आलं."

दाजींचा हात तसाच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि त्या पहाटेबद्दल ती त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलली होती, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. ते पंख्याकडे बोट करून सांगायला लागले की याचं काम आतली गरम हवा बाहेर टाकायचं, हे गरम झालं की हा जोरात फिरतो, म्हणून मधेच आवाज वाढतो. वाढला तरी तो हाच असतो, दुसरं कुणी नाही. आक्का ऐकत होती. तिनं विचारलं, बोट लावलं तर थांबेल का? दाजी म्हणाले, मधे लाव, पात्याला नको. आक्कानं हात पुढे केला आणि पंख्याच्या मधोमध बोट टेकवलं. तो थांबला. बोट काढलं, परत फिरायला लागला. तिनं पुन्हा तसं केलं. मी पेपरात डोकं घातलं, कारण मला रडू येत होतं आणि त्या दोघांनी ते पाहावं असं वाटत नव्हतं.

त्या आठवड्यात दाजींनी बैठकीतल्या एका मोठ्या फोटोची काच काढली. फोटो त्यांच्या खात्यातल्या निरोपसमारंभाचा होता, त्यातल्या साहेबांना त्यांनी गुंडाळून माळ्यावर टाकलं. बाजूच्या फळीला मधोमध चौकोन कापला, कडा घासून गोल केल्या, काच बसवली, आणि आत एक बारीक पिवळा दिवा लावला. हिरवा रंग पार काढून सागाचं अंग पुन्हा उघडं केलं आणि वर लाखेचे हात. आता ते ना देव्हारा दिसत होतं ना तक्रारपेटी. उजेड असलेलं एक लहानसं घर कोनाड्यात ठेवल्यासारखं दिसत होतं. आक्का त्याच्यापुढे बसायला लागली. सुरुवातीला तिचं अर्धं लक्ष पडद्यावर आणि अर्धं काचेत असायचं. आवाज चढला की ती मान वळवून आत बघायची, मग परत टंकायला लागायची. कळफलकावर अक्षरं शोधताना ती पहिलीतल्या मुलासारखी ओठ हलवायची. दाजी मागे उभे राहून चुका दाखवायचे आणि ती त्यांना पट्टी घेऊन हाकलायची.

परीक्षेच्या आदल्या रविवारी दाजी त्या तळघरातल्या केंद्रावर गेले, सोबत ट्यूबच्या टिकल्यांची पिशवी. केंद्र चालवणारा तरुण बिचारा भला होता. त्याला वाटलं कंपनीकडून तपासणीला माणूस आलाय, म्हणून त्यानं चहासुद्धा मागवला. दाजींनी प्रत्येक पेटीखाली रबर सरकवलं, सैल स्क्रू पिळले, आणि जाताना त्याला सांगून आले की एक बाई येतील, त्यांच्या यंत्राची बाजू उघडी ठेवा, कारण विचारू नका. पण एवढं करूनही घरघर होतीच. तळघरच ते. परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं रस्त्याच्या पलीकडे रसवंतीपाशी उभे होतो. दाजींनी रसाचा ग्लास घेतला आणि हातात धरून ठेवला. त्यातला बर्फ विरघळला, रस काळा पडला, तरी प्यायले नाहीत. एकेक शिक्षक बाहेर यायला लागले. आक्का येईना. दाजी मला म्हणाले, "तुम्ही जाऊन बघता का? मी गेलो तर तिला वाटंल मी घाबरलो." मी रस्ता ओलांडतच होते तेवढ्यात ती जिन्यातून वर आली, पदरानं मान पुसत, शेजारच्या शाळेतल्या बाईंशी बोलत. मी विचारलं, इतका उशीर? ती म्हणाली, त्या बाईंना छापायचं येत नव्हतं, त्यांना दाखवत होते. दाजींनी तिला घरघर होती का म्हणून विचारलं. होती, म्हणाली. मग त्यांच्या हातातला रस घेऊन एका दमात पिऊन टाकला.

ती पास झाली. नोकरीतून निवृत्त झाली ती आसपासच्या शाळांची केंद्रप्रमुख होऊन. माझं लग्न झालं, मी परत नांदेडला आले, मुलं झाली, आणि लातूरला जाणं सणावारापुरतं उरलं. दर खेपेला पेटी निराळ्या रूपात भेटायची. एकदा तिला बिजागरीचं दार लागलं होतं, एकदा कडेनं पितळी पट्टी. आतलं सामान तर कितीदा बदललं. मधे एकदा माझा मुलगा आपला लॅपटॉप घेऊन गेला, तर दाजींनी तो उलटा करून बराच वेळ पाहिला. कुठूनच उघडता येईना म्हणून त्यांना त्या वस्तूचं वाईट वाटलं.

गेल्या हिवाळ्यात मी गेले होते. दाजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि हातही अलीकडे कापतो. अंगणात खुर्ची टाकून काळा चष्मा लावून बसले होते. समोर चटईवर ती पेटी रिकामी करून ठेवली होती आणि आक्का चिंधीचा बोळा घेऊन तिला पॉलिश करत होती. दाजी बसल्या जागेवरून सांगत होते, पातळ घे, रेषेनं जा, मधे थांबू नको. आक्का नेमकी मधे थांबायची, कारण तिला मला काहीतरी सांगायचं असायचं. शेजारच्या बाईंच्या नातवाचं, गुरुजींच्या मुलाचं, नव्या बसस्थानकाचं. जिथे थांबली तिथे पॉलिशचा गडद डाग राहत होता. मला ते दिसत होते. एरवी अशा कामाला दाजींनी दुसऱ्या कुणाचं बोट लागू दिलं नसतं.

शेवटचा हात मारून झाल्यावर आक्कानं पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तळवा फिरवला, वरून, बाजूनं, काचेच्या कडेनं. एका ठिकाणी हात अडखळला. तिथेच ते बोट दोनदा मागेपुढे गेलं. आक्का बोळा हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"झालंय की," दाजी म्हणाले. "आता ह्याला काही करायचं न्हाई."